बेशरमचे झुडूप आणि मुके जीव

(शेंद्रा येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या सभेत एका सेवानिवृत्त पशुवैद्याने केलेले भाषण)



गुराढोरांचे वैद्यक हा ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय, अशा माणसास शिक्षकांच्या सभेत बोलण्यास का पाचारण करावे, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. माझ्याही मनात तो आला होता. परंतु विचार करता मला असे आढळून आले की, आपले काम आणि माझे काम एका बाबतीत अगदी सारखे आहे. माझ्याकडे येणारा रोगी आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. आपल्याकडे येणारे लहान मूलही पुष्कळदा आपली अडचण बोलून दाखवू शकत नाही. आपणां दोघांनाही समोरच्या जीवाच्या चालण्यावरून, पाहण्यावरून, खाण्यापिण्यावरून त्याच्या मनाचा व शरीराचा ठाव घ्यावा लागतो. निरीक्षण हेच दोघांचे हत्यार होय. तेव्हा आज मी निरीक्षणाविषयीच, पण एका झुडपाच्या निमित्ताने बोलणार आहे.

ते झुडूप पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याने शेंद्र्याकडे येताना दोन्ही बाजूंस पाहत यावे. मांगीरबाबांच्या यात्रेमुळे हे गाव पूर्वीपासून सर्वांस ठाऊक आहे. आता औद्योगिक वसाहतीमुळेही त्याचे नाव दूरवर गेले आहे. जेथे एके काळी शेते आणि माळ होते तेथे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्यांच्या घरी दोनचार शेळ्या आहेत त्यांस चारणीसाठी रस्त्याच्या कडा, नाल्यांचे काठ आणि पुलाखालच्या डबक्यांचा परिसर एवढीच जागा उरत चालली आहे. आणि नेमक्या याच जागी हे झुडूप माजलेले असते.

पुरुषभर उंची, पोकळ काठ्यांसारखी सरळ खोडे, टोकाशी निमुळती होत गेलेली हृदयाच्या आकाराची पाने, फिकट जांभळट-गुलाबी रंगाची नरसाळ्यासारखी फुले, आणि पान खुडताच ठिबकणारा पांढरा चीक, अशी त्याची खूण सांगता येईल. तोडा, उपटा, फेकून द्या; जेथे फेकाल तेथे ते पुन्हा रुजते, म्हणून लोकांनी त्याचे नाव ठेवले बेशरम. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास आयपोमिया कार्निया म्हणतात. आपण एकादशीला जे रताळे खातो ते याच गोतातले. बेशरम मात्र मूळचे आपल्या देशाचे नव्हे. अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश हे त्याचे माहेर. फुलांच्या शोभेसाठी आणि कुंपणासाठी ते लावले गेले. कुंपणास ते सोयीचे वाटले याचे कारण असे की, जनावर त्यास सहसा तोंड लावीत नाही. हे कारण आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता एक अनुभव सांगतो. त्यात माझी चूक आहे, आणि ती सांगितल्याखेरीज माझ्या बोलण्यास अर्थ राहणार नाही.

मी नोकरीत असतानाची गोष्ट. ज्येष्ठ लागला होता, पाऊस अजून आलेला नव्हता. एका वस्तीवरून निरोप आला की, दोन शेळ्या पायांतून गेल्या आहेत. मी गेलो. घरात एक म्हातारी आणि तिची दहाएक वर्षांची नात. दोन्ही शेळ्या उस्मानाबादी जातीच्या, काळ्याभोर. पण अंगावरचे केस राठ झालेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. उभ्या राहताना मागचे पाय फाकवीत होत्या. पाण्याचे घमेले पुढे केले तर एकीचे डोके थरथर कापू लागले, आणि तोंड घमेल्यात न पडता बाजूस पडले. मी टाळी वाजविली तशी ती दचकली आणि मागच्या बाजूवर कोसळली. ताप नव्हता. भूक होती. मी मनाशी ठरविले की, हे जंतांचे काम आणि उन्हाळ्यातला अशक्तपणा. जंताचे औषध पाजले, ताकदीची सुई टोचली, आणि म्हातारीस म्हणालो, “आजी, पाऊस पडू द्या, कोवळा चारा मिळाला की सुधारतील.”

तीन आठवड्यांनी त्याच बाजूस काम निघाले म्हणून पुन्हा डोकावलो. एक शेळी मेली होती. दुसरी भिंतीस टेकून उभी होती. म्हातारीची कोणावर तक्रार नव्हती. शेजारणीने नजर लावली, एवढेच ती म्हणत होती. मी निघालो तेव्हा दाराच्या चौकटीला धरून ती मुलगी उभी होती. सहज विचारावे म्हणून मी विचारले, “का गं, यांतली आधी कोणती आजारी पडली?”

ती म्हणाली, “मेली ती. सोडली की ती नाल्याकडंच पळायची, बेशरम खायला. मी किती हाकलायची. मग हिला पण तिनंच खायला शिकवलं.”

“मग हे मागच्या खेपेस का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इचारलंच नाही, साहेब.”

शिक्षक मित्रहो, पदवीच्या परीक्षेत मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरेही मी दिली. पण या उत्तराने मी जेवढा खजील झालो तेवढा कधीच झालो नव्हतो. रोगाचे निदान त्या घरात, त्या चौकटीपाशी, तीन आठवडे उभे होते. ते ऐकून घेणारा कोणी नव्हता. उरलेली शेळी आम्ही बांधून ठेवविली. तुरीचे भुसकट, लिंबाचा पाला, बाभळीच्या शेंगा यांवर ती हळूहळू सावरली. परंतु पुढेही कधी ती दचकली की तिचे मागचे पाय अडखळत. गरिबाच्या दारातली एक शेळी गेली म्हणजे त्या घरातून काय जाते, हे आपणांस सांगावयास नको. पुढल्या सत्रात त्या मुलीच्या नावापुढे हजेरीपटावर ज्या फुल्या पडल्या, त्या याच हिशेबातल्या होत्या.

त्या झुडपात असे आहे तरी काय? याचे उत्तर मिळण्यास शास्त्रज्ञांस बराच काळ लागला, आणि ते उत्तर तीन खंडांतून गोळा झाले. ऑस्ट्रेलियात स्वेन्सोना नावाची वाटाण्याच्या कुळातील एक रानटी वनस्पती आहे. ती खाऊन मेंढ्या भ्रमिष्टासारख्या वागतात, हे तेथील मेंढपाळांस फार दिवसांपासून माहीत होते. १९७९ साली त्या वनस्पतीतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. वनस्पतीच्या नावावरून त्यास स्वेन्सोनीन म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणांत याच कुळातील काही झुडपे आहेत. ती खाऊन घोडे व गुरे वेड्यासारखी करतात, म्हणून स्पॅनिश भाषेतील ‘लोको’, म्हणजे वेडा, या शब्दावरून त्या तणास लोकोचे तण म्हणत आले आहेत. १९८२ साली त्यातही तेच स्वेन्सोनीन सापडले. पुढे आफ्रिकेतील मोझांबिक देशात शेळ्यांस जडलेल्या मज्जारोगाचा शोध घेता घेता बेशरमवर बोट ठेवले गेले. त्याचा वृत्तान्त १९९९ साली प्रसिद्ध झाला. बेशरमच्या पानांतही स्वेन्सोनीन होते.

हे द्रव्य शरीरात काय करते ते पाहू. विज्ञानाच्या पुस्तकात आपण पेशीची आकृती शिकविता. तीत लयकारिका नावाचे बारीक कण दाखविलेले असतात. निरुपयोगी झालेले पदार्थ मोडून त्यांची विल्हेवाट लावणे हे त्यांचे काम. ही मोडतोड विकरे करतात. स्वेन्सोनीन त्यांपैकी एका विकरास बांधून ठेवते. परिणामी मॅनोज नावाच्या शर्करेच्या साखळ्या तुटावयाच्या थांबतात आणि पेशीत साचत जातात. गावातील केर उचलणारा गाडा बंद पडला तर पहिल्या दिवशी काही बिघडत नाही. आठव्या दिवशी दुर्गंधी सुटते. महिन्याने रस्ताच बंद होतो. पेशीचे तसेच होते. ती फुगते, तिच्यात पोकळ्या दिसू लागतात. शरीरातील सर्वच पेशींस हा उपसर्ग पोहोचतो. परंतु चेतापेशींस तो सर्वांत अधिक भोवतो, कारण मेलेल्या चेतापेशीची जागा दुसरी सहसा भरून काढीत नाही. त्यातही शरीराचा तोल व हालचालींचा मेळ राखणाऱ्या अनुमस्तिष्कातील मोठ्या पेशी बिघडतात. म्हणून डोके कापते, पाय फाकतात, तोंड घमेल्याबाहेर पडते. गाभण शेळी गाभडते, किंवा तिला दुबळे करडू होते. लवकर ध्यानात आले आणि झुडूप तोडले, म्हणजे तोंडचे सोडविले, तर जनावर सुधारते. उशीर झाला तर बिघडलेले ते बिघडलेलेच राहते. यावर उतारा असे औषध नाही.

आणखी एक नवल सांगतो. हे विष ते झुडूप स्वतः तयार करीत नाही. त्याच्या अंगी वस्तीस असलेली एक सूक्ष्म बुरशी ते तयार करते, आणि बियांतून ती पुढच्या पिढीत जाते. बेशरमच्या बाबतीत हे २०१३ साली दाखविण्यात आले. बुरशीरहित केलेल्या रोपांत स्वेन्सोनीन आढळले नाही. लोकोचे तण वाटाण्याच्या कुळातले, बेशरम रताळ्याच्या कुळातले. कुळे भिन्न असता दोहोंत विष एकच कसे, हे कोडे या बुरशीमुळे उलगडले.

आता मी मघा जे ध्यानात ठेवण्यास सांगितले होते त्याकडे वळू. जनावर बेशरमला तोंड लावीत नाही म्हणून ते कुंपणास लावले. मग शेळ्यांनी ते खाल्ले का?

चैत्रापासून ज्येष्ठापर्यंतचा आपला माळ डोळ्यांसमोर आणावा. गवत करपलेले, बांध उघडे, बोरीबाभळी ओरबाडलेल्या. त्या सगळ्या करड्या रंगात नाल्याकाठी एकच वस्तू हिरवीगार असते. भुकेले जनावर पहिल्या दिवशी एक पान चावून टाकून देते. दुसऱ्या दिवशी दोन खाते. पुढे त्यास ती चव लागते. आणि एकदा चटक लागली की चांगला चारा पुढे असूनही ते तिकडे धावते. विष झुडपात असते हे खरे. परंतु ते जनावराच्या पोटात नेते ती भूक. दुष्काळी मुलखातील शिक्षकांनी हे वाक्य मनाशी धरून ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

येथे कोणी म्हणेल की, मुक्या जनावरास उपजत शहाणपण असते; अपायकारक ते खात नाही. हे अर्धे खरे आहे. करडू आईच्या तोंडाकडे पाहून काय खावे ते शिकते. शिवाय एखादा पाला खाल्ल्यावर लागलीच मळमळले तर जनावर त्या पाल्याचा पुढे तिटकारा करते. ब्राझीलमधील संशोधकांनी या गुणाचा उपयोगही करून पाहिला. तेथील माराजो बेटावर बेशरममुळे शेळ्यांस हाच रोग होतो. त्या देशात काही शेळ्यांस बेशरम खाऊ घालून लगेच मळमळ आणणारा लिथियमचा क्षार दिला, आणि पुढे त्या शेळ्यांनी झुडपास तोंड लावण्याचे टाळले. (हा प्रयोग तज्ज्ञांचा आहे; कोणी घरी करू नये.) परंतु एरवी बेशरम खाल्ल्यावर लागलीच काही होत नाही. आज खाल्ले, आजार येतो कित्येक आठवड्यांनी. कर्म आणि फळ यांत इतके अंतर पडले की धडा मिळत नाही. उलट एकीचे पाहून दुसरी शिकते. त्या मुलीने हे शास्त्र न वाचताच पाहिले होते.

याच्या उलट, तात्काळ मारणारे विषही आपल्या शेतात आहे आणि ते आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर फुटलेला फुटवा खाऊन जनावर घटकेत धापा टाकते, कापते, झटके देऊन मरते. त्यास शेतकरी किराळ लागणे म्हणतात. ज्वारीच्या कोवळ्या पानांतून सायनाइड सुटते, म्हणून असे होते. किराळाची ओळख प्रत्येक शेतकऱ्यास आहे, कारण त्याचे कारण आणि कार्य एकाच बांधावर दिसतात. तेथे पशुवैद्य वेळेवर पोहोचला तर उताराही आहे. बेशरमचे विष मंद आहे म्हणून ते ओळखले जात नाही, आणि ओळखले जात नाही म्हणून नजर, करणी, वारा अशी नावे त्यास मिळतात.

मंद विषाचे हे रहस्य माणसांनीही अनुभवले आहे. मध्य भारतातील सागर प्रांताची हकीकत स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे तेथे गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला. गव्हात आपोआप उगवणारे लाखेचे पीक तेवढे तगले, आणि लोकांनी तेच खाल्ले. पुढे तरुण मंडळी कमरेखाली लुळी पडू लागली. आपल्या विदर्भातील भंडारा, चंद्रपूरकडील धानाच्या मुलखातही लाखोळीचे पीक पूर्वापार आहे. थोडी लाख इतर अन्नाबरोबर खाणाऱ्यास सहसा बाधा होत नाही. महिनोन्महिने तिच्यावरच पोट भरण्याची पाळी आली म्हणजे पाय जातात. लाखेतील चेतापेशींस अपाय करणारे द्रव्य १९६४ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत शोधून काढण्यात आले. बेशरम व लाख यांची विषे निराळी, रोगही निराळे; परंतु दोन्ही ठिकाणी विषापर्यंत नेणारी वाट दुष्काळाचीच.

आतापर्यंत मी दाव्याच्या जनावरांविषयी बोललो. त्यांस निदान मालक असतो, राखण करणारे पोर असते. परंतु आपल्या शिवारात ज्यांस मालक नाही असेही चरणारे जीव आहेत. रोही आहेत, काळवीट आहेत, ससे आहेत. उन्हाळ्यात त्यांचीही कुरणे करपतात, पाण्याच्या शोधात तेही नाल्याकाठी येतात. रानातले जनावर आजारी पडले तर कोण पाहतो? पाय अडखळू लागलेल्या हरणास लांडगे किंवा मोकाट कुत्री गाठतात. नाहीतर ते रस्त्यावर गाडीखाली येते. आपण म्हणतो, कुत्र्यांनी मारले, गाडीने मारले. त्याआधी त्याचे पाय का अडखळले, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तर भागात एल्क नावाच्या मोठ्या हरणांच्या कळपास लोकोच्या तणाची विषबाधा झाल्याची नोंद १९८४ साली प्रसिद्ध झाली. पाळीव गुरांस होणारा तोच रोग रानातल्या कळपासही झाला. तथापि येथे घाई करून चालत नाही, हेही त्याच मुलखाने शिकविले. शेजारच्या कोलोरॅडो राज्यात १९६७ साली बंदिस्त हरणे झिजून, लाळ गाळीत, झोकांड्या खात मरू लागली. आधी खाण्यापिण्यातील दोष असावा असा समज होता. १९७८ साली मेंदूच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तो मेंदूस चाळणी करणारा एक वेगळाच रोग ठरला. त्याचा कोणत्याही झुडपाशी संबंध नव्हता, आणि तो एका हरणापासून दुसऱ्यास लागतो. चाल सारखी, झीज सारखी, कारणे मात्र निराळी. डोळ्यांनी प्रश्न पडतो. उत्तर प्रयोगशाळेत मिळते. दोहोंचीही गरज आहे.

यावरून एक अत्यंत महत्त्वाची सूचना निघते, आणि ती मुलांच्या जिवाशी संबंधित असल्याने मी ती आग्रहाने सांगतो. झोकांड्या खाणारे प्रत्येक जनावर बेशरमनेच बाधलेले असते असे नाही. शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूत कुत्र्यांकडून आलेल्या फीतकृमीच्या पाण्याच्या गाठी होतात, तेव्हा त्या एकाच बाजूस गोल फिरतात. आणि पिसाळलेल्या कुत्र्याने किंवा कोल्ह्याने चावलेले गाय-बैल, शेळी किंवा रोहीसुद्धा पायांतून जाते, लाळ गाळते, आवाज बदलून ओरडते, आणि थोड्याच दिवसांत मरते. ‘हिच्या घशात काही अडकले आहे’ असे समजून अशा जनावराच्या तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते. पिसाळी एकदा अंगात प्रकट झाली की माणूस वाचत नाही असाच आजवरचा अनुभव. म्हणून मुलांस असे शिकवावे की, चाल बिघडलेल्या जनावरास, मग ते घरचे असो वा रानातले, हात लावावयाचा नाही. मोठ्या माणसास सांगावयाचे. चावा, ओरखडा किंवा लाळेचा संपर्क झालाच तर साबण व वाहत्या पाण्याने ती जागा पंधरा मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

आता शाळेने काय करावे ते थोडक्यात सांगतो. मी नवा विषय आपल्या माथी मारण्यास आलेलो नाही. परिसर अभ्यास आपण शिकवीतच आहात. त्यातच हे बसेल.

पहिली गोष्ट, ओळख. आठवड्यातून एकदा मुलांस शिवारात नेता, त्या वेळी बेशरम, घाणेरी, धोतरा, कण्हेर, रुई, गाजरगवत ही झुडपे मुलांनी ओळखावीत. घाणेरीने गुरांचे यकृत बिघडते, धोतऱ्याने भ्रम होतो, कण्हेरीने हृदय बंद पडते, ही माहिती पाठांतरासाठी न देता झुडपासमोर उभे राहून द्यावी. पान चाखू नये, चीक डोळ्यांस लावू नये, परतल्यावर हात धुवावेत, हे आधी सांगावे.

दुसरी गोष्ट, नोंद. एक साधी वही घालावी. कोणते जनावर, काय खाताना दिसले, कोणत्या महिन्यात, आणि त्याची चाल कशी आहे, असे चार रकाने आखावेत. शाळा सुटल्यावर शेळ्या राखणारी मुले आपल्या वर्गात आहेत. वाचनात ती मागे असतात म्हणून पुष्कळदा मागच्या रांगेत बसतात. या वहीपुरती त्यांस पुढे बसवावे. जे मूल आपल्या शेळीविषयी चार ओळी खऱ्या लिहील, त्यास लेखनाचा वेगळा धडा द्यावा लागणार नाही. उन्हाळ्याची सुटी हाच विषबाधेचा काळ. म्हणून सुटीचा अभ्यास म्हणून हीच वही द्यावी.

तिसरी गोष्ट, नकाशा. गावातील नाले, विहिरी, पाणवठे आणि बेशरमची बेटे मुलांनी नकाशात भरावीत. तो नकाशा पालकसभेत लावावा. झुडपे काढण्याचे काम मात्र मोठ्यांचे. पावसाळ्यापूर्वी मुळासकट खणावीत, तुकडे नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, उन्हात पुरते वाळवावेत. ओला तुकडा पडला तेथे नवे झुडूप उभे राहते. तोडलेला पाला शेळ्यांच्या तोंडी लागणार नाही अशी खबरदारी घ्यावी.

चौथी गोष्ट, पर्याय. ‘बेशरम खाऊ घालू नका’ एवढे सांगून उपयोग नाही. भुकेल्या घरास उपदेश पचत नाही. तुरीचे भुसकट, हरभऱ्याचे काड, बाभळीच्या शेंगा या ज्या वस्तू सुगीत वाया जातात, त्या झाकून ठेवल्या तर ज्येष्ठापर्यंत पुरवठ्यास येतात. शाळेच्या आवारात किंवा गायरानाच्या कडेला बाभूळ, हादगा, अंजन यांसारखी पाल्याची झाडे लावता येतील. एक वृक्षारोपण असेही व्हावे, ज्याची सावली माणसांस आणि पाला शेळ्यांस मिळेल.

पाचवी गोष्ट, रानातील जनावर. काळवीट, रोही हे वन्यजीव असून १९७२ च्या कायद्याने त्यांस संरक्षण आहे. आजारी वा मेलेले आढळल्यास मुलांनी गर्दी करू नये. शिक्षकांनी वनरक्षकास कळवावे, आणि केवळ ‘हरण मेले’ असे न कळविता ते आधी कसे चालत होते, कोठे चरत होते, हेही कळवावे. त्या दोन वाक्यांवरून तपासणीची दिशा ठरते.

मित्रहो, माझा वेळ संपत आला. त्या मुलीचे पुढे काय झाले असे आपण मनात विचारीत असाल. पुढे माझी बदली झाली, आणि तिची गाठ पुन्हा पडली नाही. पण त्या दिवसापासून मी एक नियम केला. कोणत्याही गोठ्यात गेलो की मालकाशी बोलून झाल्यावर, जनावर राखणाऱ्या पोराशी बोलल्याखेरीज सुई हाती घ्यावयाची नाही. या नियमाने माझी किती निदाने सुधारली हे मी मोजलेले नाही. चुका मात्र खात्रीने कमी झाल्या.

आपल्या वर्गात अशी मुले रोज बसतात. त्यांनी पाहिलेले पुष्कळ असते, आणि ते विचारले जाण्याची ती वाट पाहत असतात. उद्या शाळेत गेल्यावर हजेरी घेऊन झाली की, शेळ्या राखणाऱ्या एखाद्या मुलास किंवा मुलीस जवळ बोलवावे आणि विचारावे, “काल तुझ्या शेळीने काय काय खाल्ले?” एवढ्या एका प्रश्नापासून आरंभ झाला तरी आजच्या सभेचे सार्थक झाले असे मी समजेन.